पाचव्या आठवड्यातली गैरहजेरी: एका प्रशिक्षणार्थ्याचं प्रकरण

घरगुती वायरिंगचा सहा महिन्यांचा कोर्स. पहिले चार महिने वर्कशॉपमध्ये, उरलेले दोन कंत्राटदाराच्या हाताखाली प्रत्यक्ष साईटवर. प्रवेश १८ ते २४ वयाच्या अशा मुलामुलींना, ज्यांची शाळाही सुटली आहे आणि हाताला कामही नाही. हजेरीला जोडून दर आठवड्याला थोडं विद्यावेतन. आणि एक नियम: न कळवता सलग तीन दिवस गैरहजर राहिलं तर नाव कमी होतं. बाहेर प्रतीक्षा यादी असते, त्यामुळे हा नियम मला अन्यायाचा वाटत नाही.

या प्रकरणातला मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याला नाव दिलेलं नाही, कारण हे एकाच मुलाचं प्रकरण नाही. एकाच वळणावर अडलेल्या मुलांच्या हकिगती जोडून ते उभं केलं आहे, म्हणजे कोणाचीही ओळख उघड न करता कर्मचाऱ्यांचं काम बारकाईनं सांगता येईल.

पहिले चार आठवडे तो रोज वेळेच्या आधी यायचा. हात चांगला होता. जिन्याच्या दिव्याची जोडणी शिकवली तेव्हा ते ठळकपणे दिसलं. खाली एक टू-वे स्विच, वर एक, दिवा एकच, आणि तो दोन्हीकडून चालू-बंद व्हायला हवा. फेज एका स्विचच्या मधल्या टर्मिनलला, दुसऱ्याच्या मधल्या टर्मिनलमधून वायर दिव्याला, दोन स्विचांच्या मध्ये दोन वायरी. बहुतेक मुलं पहिल्या खेपेला मधलं टर्मिनल चुकतात आणि मग दिवा एका विशिष्ट स्थितीतच लागतो. यानं फळ्यावरची आकृती पाहिलीच नाही. सर जोडत असताना त्यांच्या बोटांकडे बघत राहिला आणि स्वतःच्या बोर्डवर एका दमात जोडणी करून मोकळा झाला. सरांनी वहीत त्याच्या नावापुढे ‘हुशार’ असा शेरा लिहिला. आकृतीकडे तो का बघत नाही, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही.

पाचव्या आठवड्यात मंगळवारी तो आला नाही.

फॉर्ममध्ये जे होतं आणि जे नव्हतं

प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलं होतं: शिक्षण आठवीपर्यंत, सध्या काम नाही, घरी आई आणि लहान बहीण, अडचण काही नाही. फॉर्म नेटका भरलेला होता.

अशा मुलांचा विचार आपण बहुतेक वेळा आकड्यांतून करतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरातल्या १५ ते २४ वयोगटातले २०.४ टक्के तरुण शिक्षण, नोकरी किंवा प्रशिक्षण यांपैकी कशातच नव्हते. म्हणजे पाचांत एक. त्यांत दर तिघांमागे दोन मुली. प्रश्न किती मोठा आहे ते या आकड्यांतून कळतं, पण समोर बसलेला मुलगा कुठून आणि कसा सुटत गेला ते कळत नाही. शाळा सुटली, मग दोन-तीन ठिकाणी लागला, तिथून कधी काढलं गेलं, कधी स्वतःच जाणं बंद केलं, आणि प्रत्येक वेळी मागे कोणी विचारायला आलं नाही. असा मुलगा निघून जायला शिकलेला असतो. अडचण आली की बोलायचं नाही, जायचं बंद करायचं, हा त्याचा आजवरचा अनुभव असतो. त्यामुळे पाचव्या आठवड्यातली गैरहजेरी बेशिस्त म्हणून वाचायची की अडचणीचा निरोप म्हणून, यावर पुढचं सगळं ठरतं.

तीन दिवस

पहिल्या दिवशी दुपारी संगणकावरून ठरलेला संदेश गेला: आपण आज अनुपस्थित आहात, सलग तीन दिवस अनुपस्थित राहिल्यास प्रवेश रद्द होईल. हा संदेश सगळ्यांनाच जातो. समन्वयक ताईंनी त्यानंतर स्वतःच्या फोनवरून वेगळा संदेश पाठवला:

‘आज दिसला नाहीस. बरा आहेस ना? तुझा बोर्ड अर्धा राहिलाय, तो कोणी उचलू नये असं सरांना सांगून ठेवलंय.’

या तीन वाक्यांत धमकी नाही आणि ‘का नाही आलास’ हा प्रश्नही नाही. जागा अजून राखलेली आहे, आणि ती कोणत्या वस्तूच्या रूपानं राखली आहे, एवढं त्यात आहे. उत्तर आलं नाही. संदेश वाचल्याची खूण मात्र दिसली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याच्याबरोबर प्रवेश घेतलेल्या मित्राशी बोलणं केलं. मुद्दाम खोदून विचारलं नाही, कारण मित्राला खबऱ्या केलं की दोघंही जातात. ‘त्याला सांग, उद्या मी चार वाजता बसथांब्याजवळ असेन, केंद्रात यायची गरज नाही,’ एवढाच निरोप दिला.

तिसऱ्या दिवशी तो आला. बोलणं साधारण असं झालं.

‘घरी काम होतं, ताई.’

‘बरं. झालं का काम?’

‘हो.’

‘बोर्ड कुठवर आला होता तुझा?’

‘दोन पॉईंट राहिलेत. ते काय, अर्ध्या तासाचं काम.’

‘म्हणजे ते जमतंय.’

‘ते जमतं.’

‘मग जमत नाही असं काय आहे?’

यावर तो बराच वेळ गप्प होता, आणि ताईही गप्प राहिल्या. या कामातलं हे सगळ्यांत अवघड कौशल्य आहे असं मी मानतो. गप्प राहिलं की आपण काहीच करत नाही असं वाटतं, म्हणून कार्यकर्ता उपदेश सुरू करतो आणि मुलाची बोलण्याची वेळ निघून जाते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावरच्या उपचारांच्या संदर्भात मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवलेली प्रेरक संवादाची पद्धत याच जागेवर बोट ठेवते. बदलाची कारणं कार्यकर्त्यानं सांगायला लागलं की समोरचा बदल न करण्याची कारणं सांगू लागतो. म्हणून प्रश्न मोकळे ठेवायचे, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत मांडायचं, आणि कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यायची.

मग त्यानं सांगितलं. सोमवारी सरांनी सुरक्षेच्या नियमांचा कागद वाटला होता आणि एकेकाला एकेक नियम मोठ्यानं वाचायला लावलं होतं. त्याची पाळी यायला दोन जण उरले तेव्हा ‘फोन आलाय’ म्हणून तो बाहेर गेला. शुक्रवारी त्याच नियमांवर लेखी चाचणी होती. त्याला अक्षरं ओळखता येत होती, पण सलग वाचता येत नव्हतं. आठवीपर्यंत शाळा झाली होती, तरी ती नुसती वर्गात बसून झाली होती. फॉर्म मित्रानं भरला होता. दोघांचे फॉर्म शेजारी ठेवले की अक्षर एकच आहे, हे कोणालाही दिसलं असतं.

वर्कशॉपमधला वाद

आता प्रश्न दोन होते: नियमाचं काय करायचं आणि वाचनाचं काय करायचं.

सरांचं म्हणणं स्पष्ट होतं. ‘नियम सगळ्यांना सारखा. आणि हे विजेचं काम आहे. एमसीबीवर काय लिहिलंय ते न वाचणारा माणूस साईटवर स्वतःचा जीव घालवेल, नाहीतर दुसऱ्याचा.’ (एमसीबी म्हणजे जादा प्रवाह आला की आपोआप वीज तोडणारा स्विच.) ताईंना तो टिकायला हवा होता. अशा वेळी बऱ्याच केंद्रांत दोन तट पडतात, समुपदेशन करणारे मायाळू आणि शिकवणारे कठोर, आणि मुलं दोघांनाही ओळखून वागतात. इथे तसं झालं नाही, कारण ताईंनी सरांचा मुद्दा खरा मानला. वाचता न येणं हा या कामात खरोखरच धोका आहे. फक्त त्यावर उपाय म्हणून नाव कमी करणं पटण्यासारखं नव्हतं.

तोडगा असा निघाला. तिसऱ्या दिवशी त्यानं भेटून सांगितलं, त्यामुळे ‘न कळवता’ ही अट लागू झाली नाही आणि नाव राहिलं. गैरहजेरी मात्र गैरहजेरीच लागली, त्या दिवसांचं विद्यावेतन कापलं गेलं, आणि ते कापणार हे ताईंनी त्याला बसथांब्यावरच सांगितलं होतं. बॅचमधल्या बाकीच्यांच्या नजरेत तो मेहरबानीवर परत आलेला ठरला नाही, हे त्याच्या टिकण्यासाठी फार महत्त्वाचं होतं.

सुरक्षेची चाचणी लेखीऐवजी करून दाखवण्याची झाली, आणि ती सगळ्याच बॅचला लागू केली. मेन बंद करायचा, एमसीबीला कुलूप आणि पाटी लावायची. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या लाईनवर तपासायचा, मग बंद केलेल्या लाईनवर लावायचा, मग पुन्हा चालू लाईनवर. तिसरी पायरी का? मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर ‘लाईन बंद आहे’ हे उत्तर खोटं ठरतं. ही तिसरी पायरी कागदावर बरोबर लिहिणारी मुलं हातानं करताना ती गाळतात, हे सरांना त्या दिवशी दिसलं आणि पुढच्या बॅचपासून त्यांनी चाचणी कायमची तशीच ठेवली.

वाचनाचा वर्ग वेगळा, बॅच सुटल्यावर, दुसऱ्या शिक्षिकेकडे. सुरुवात मुळाक्षरांपासून केली नाही. कामावर रोज डोळ्यांसमोर येणारे शब्द आधी घेतले: धोका, चालू, बंद, अर्थिंग, न्यूट्रल, अँपिअर, व्होल्ट, एमसीबीवरचे आकडे, वायरच्या जाडीचे आकडे. मोठ्यानं वाचून घेणं सरांनी सगळ्यांसाठीच बंद केलं. त्यानंतर आणखी दोन मुलं आपण होऊन संध्याकाळच्या वर्गाला येऊन बसली.

शिस्त आणि पाठबळ यांतलं एक निवडावं लागतं, हा समज मला बरोबर वाटत नाही. अमेरिकेतल्या, तरुणांना नोकरीसाठी तयार करणाऱ्या ‘इयर अप’ या कार्यक्रमाचं उदाहरण विचार करण्यासारखं आहे. तिथे सुमारे सहा महिने वर्ग आणि सहा महिने कंपनीत इंटर्नशिप असते. प्रत्येक मुलाशी लेखी करार होतो, उशीर किंवा गैरहजेरी झाली की गुण आणि विद्यावेतन दोन्ही कमी होतं, आणि गुण संपले की कार्यक्रमही संपतो. त्याच वेळी प्रत्येकाला ठरलेला सल्लागार असतो. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनात्मक अभ्यासात या कार्यक्रमातल्या तरुणांच्या कमाईत मोठी आणि अनेक वर्षं टिकलेली वाढ दिसली. पण तिथे प्रवेशालाच शालान्त किंवा समकक्ष प्रमाणपत्र लागतं. आपल्या प्रकरणातला मुलगा त्या दारातूनच परत गेला असता, म्हणून तो करार जसाच्या तसा उचलून इथे लावता येणार नाही. मात्र काय कापलं जाईल ते आधी सांगायचं, सांगितलं तेवढंच कापायचं, आणि त्यानंतरही माणूस सोबत राहील याची खात्री द्यायची, एवढं कोणत्याही केंद्राला करता येतं.

दुसरं कारण नंतर कळलं

सातव्या आठवड्यात वाचनाच्या वर्गात तो डोकं टेकून झोपला. तेव्हा कळलं की तो आठवड्यातल्या पाच रात्री मालवाहू गाड्या रिकाम्या करतो आणि पहाटे दोन-तीन तास झोपून केंद्रात येतो. फॉर्मवर ‘सध्या काम नाही’ असं होतं, कारण काम आहे म्हटलं तर प्रवेश मिळणार नाही असं मित्रानं त्याला सांगितलं होतं.

पहिलं सत्य सांगून काही वाईट घडलं नाही, म्हणून दुसरं बाहेर आलं. माहिती काढण्याचा यापेक्षा जलद मार्ग मला तरी माहीत नाही. पहिल्या दिवशी चार पानी फॉर्म भरून घेणाऱ्या केंद्रांना बहुतेक वेळा पहिल्या दिवसापुरतीच उत्तरं मिळतात.

इथे समुपदेशनापेक्षा हिशोबाची गरज होती. ताई त्याच्यासोबत कागद घेऊन बसल्या. घरात किती लागतात, आईचे किती येतात, विद्यावेतन किती, आणि कमी किती पडतात. पाच रात्रींची गरज नव्हती, तीन पुरत होत्या. त्यातल्या दोन सुट्टीला लागून घेता आल्या तर सलग चार दिवस नीट झोप मिळत होती. मालकाशी बोलायला ताई गेल्या नाहीत. काय बोलायचं ते त्यानं त्यांच्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं आणि तो स्वतः गेला. मालकानं तीन रात्री मान्य केल्या, सुट्टीला लागून मात्र एकच दिली. त्यामुळे आठवड्यातल्या दोन सकाळी तो कोर्स संपेपर्यंत उशिरा येत राहिला. हे पूर्ण सुटलं नाही.

साईटवर

वर्कशॉप ते साईट हा टप्पा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्गात मुलं जेवढी गळतात त्याहून जास्त एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गळतात: नोंदणी ते पहिला वर्ग, वर्कशॉप ते साईट, साईट ते नोकरी. आणि कर्मचाऱ्यांच्या कामाची विभागणी नेमकी याच ठिकाणी केलेली असते. प्रवेश एक जण करतो, शिकवतो दुसरा, नोकरी तिसरा लावतो. मुलाला ओळखणारा माणूस दर टप्प्यावर बदलतो.

इथे ताई शेवटपर्यंत त्याच राहिल्या. साईट सुरू होण्याच्या आधी सर त्याला घेऊन एकदा तिथे जाऊन आले: जेवायला कुठे बसतात, हत्यारं कोणाकडे मागायची, कोणाचा शब्द चालतो. फोरमनला वाचनाबद्दल सांगायचं का, हे त्यालाच विचारलं. ‘मी सांगतो,’ तो म्हणाला, आणि चौथ्या दिवशी त्यानं सांगितलं. फोरमन म्हणाला, ‘नकाशा मी वाचतो, तू काम दाखव.’ तोवरच्या चार दिवसांत ताईंनी ती गोष्ट सांगितली नाही, आणि तेही सोपं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात भिंतीत पाईपसाठी खाच मारताना त्याची उंची चुकली. फोरमन सगळ्यांसमोर ओरडला. यानं हातोडा ठेवला आणि साईट सोडली. ताईंना संदेश आला: ‘मी चाललो.’

याआधीच्या प्रत्येक कामावर तो असाच निघून गेला होता, पण तेव्हा कोणाला कळवलं नव्हतं. ताईंनी फोन करून पहिलं विचारलं, ‘आत्ता कुठे आहेस?’ परत जा म्हटलं नाही. संध्याकाळी दोघं बसले. फोरमन काय बोलला, कोणत्या शब्दाला जास्त लागलं, खाच खरंच चुकली होती का. चुकली होती. मग उद्या गेल्यावर पहिलं वाक्य काय असेल? त्यानं तीन-चार वाक्यं करून पाहिली आणि शेवटी हे धरलं: ‘काल खाच चुकली माझी. आज भरून देतो. पण सगळ्यांसमोर शिव्या नका देऊ.’ ताईंनी फोरमनलाही फोन केला, मुलाला सांगून केला. तक्रार म्हणून नाही, तर त्याला काय अडचण येतेय ते विचारायला. फोरमनच्या हाताखाली एकाच वेळी तीन नवी मुलं होती आणि त्याच्या डोक्यावर मुदत होती. सरांनी दोन दिवस सकाळी जाऊन त्या तिघांना मोजमाप पुन्हा करून दाखवलं.

फोरमन हा अशा कार्यक्रमांत कर्मचाऱ्यांनी सांभाळायचा दुसरा माणूस असतो. त्याच्याकडे मुलगा सोपवून मोकळं झालं तर चार महिन्यांचं शिकवणं एका दुपारी वाया जाऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी तो साईटवर गेला. ते वाक्य त्यानं अर्धंच म्हटलं, खाच भरून देण्यापर्यंतचं. शिव्यांबद्दलचं राहून गेलं.

नोकरी लागल्यानंतर

त्याच कंत्राटदारानं त्याला ठेवून घेतलं. अडीच महिन्यांनी त्यानं ते काम सोडून जास्त मजुरी देणाऱ्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे काम धरलं, जुन्या फोरमनला आठवडाभर आधी सांगून. केंद्राच्या अहवालात मात्र त्याच्या नावापुढे ‘टिकला नाही’ असं लागलं, कारण यशाची व्याख्या एकाच मालकाकडे तीन महिने अशी होती. सांगून सोडणं ही या मुलाची या सगळ्या काळातली सगळ्यांत मोठी कमाई आहे असं माझं मत आहे, आणि अहवालात तिला रकानाच नव्हता.

नोकरी लागल्यावर संपर्क किती दिवस ठेवायचा? अमेरिकेतल्या २०१४ च्या मनुष्यबळविषयक कायद्यात तरुणांच्या कार्यक्रमांना किमान १२ महिने पाठपुरावा बंधनकारक आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना कामाला लावण्यासाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत तर कामावरच्या पाठबळाला मुदतच नाही, आणि एका कार्यकर्त्याकडे साधारण २० पेक्षा जास्त माणसं नसावीत असा दंडक आहे. गट वेगळा असला तरी मागची जाण इथेही लागू पडते: खऱ्या अडचणी कामाला लागल्यावर सुरू होतात.

एकटं प्रशिक्षण पुरत नाही याचा अनुभव जुना आहे. अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘जॉब कोअर’ या निवासी कार्यक्रमाच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या काही वर्षांत कमाई वाढलेली दिसली, पण पुढे ती वाढ बहुतेकांच्या बाबतीत ओसरली. २० ते २४ वयाच्यांमध्ये ती अधिक टिकली. शाळा सुटलेल्या तरुणांना बांधकामाचं काम आणि शिक्षण एकत्र देणाऱ्या ‘यूथबिल्ड’ या तिथल्याच कार्यक्रमाच्या ७५ केंद्रांतल्या सुमारे ४,००० तरुणांच्या अभ्यासात शालान्त समकक्ष प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे वाढलं, कमाईवरचा परिणाम मात्र लहान राहिला. मुलांना शिकवता येतं, हे या दोन्ही अभ्यासांतून दिसतं. शिकल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या बाजूला कोण उभं असतं, याकडे मात्र कार्यक्रम आखताना फार कमी लक्ष गेलं आहे.

या प्रकरणात नोकरीनंतरचे फोन ताईंनी स्वतःच्या वेळेत केले. मग त्यांचा करार बॅचबरोबर संपत आला. जाण्याआधी त्यांनी नव्या समन्वयकांना बरोबर घेऊन त्याची भेट घेतली, तिघं एकत्र बसले, आणि नव्या माणसाला काय काय माहीत असावं हे त्यालाच सांगू दिलं. वाचनाचं त्यानं सांगितलं, रात्रीच्या कामाचं नाही. ताईंनीही ते फाईलमध्ये लिहिलं नाही.

केंद्रात त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. प्रवेशाचा फॉर्म आता कर्मचारी समोर बसून, बोलत बोलत स्वतः भरतो. आणि काम आहे म्हटल्यानं प्रवेश नाकारला जात नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितलं जातं. एका समन्वयकाकडे मुलं अजूनही ४० च्या वर आहेत. नोकरीनंतरच्या १२ महिन्यांच्या संपर्कासाठी पगारी तास आणि कराराची मुदत वाढवण्याची मागणी पुढच्या वर्षाच्या प्रस्तावात केली आहे, मंजुरी यायची आहे. त्याची स्वतःची परवान्याची लेखी परीक्षा बाकी आहे. त्यासाठी तो आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनाच्या वर्गाला येतो आणि येता येणार नसेल तर आदल्या दिवशी नव्या समन्वयकांना कळवतो.